तळलेलं चिकन, मातीचा ट्रॅक आणि न थांबणारा नाच

गिटारवादक वाजवता वाजवता शेजारची बादली उचलतो, आत हात घालतो आणि तळलेल्या चिकनचा एक तुकडा थेट गर्दीत भिरकावतो. समोर शेकडो हात वर झालेले असतात. कुणी क्रिकेटच्या मैदानावर असल्यासारखा तो तुकडा झेलतं आणि तिथेच खाऊ लागतं. कुणाच्या केसांत मसाला अडकतो. दोन-चार जण स्टेजवर चढून हातात लेग पीस घेऊन नाचायला लागतात. ड्रम थांबत नाही, बास थांबत नाही आणि अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून पोट धरून हसत असतात.

हे आहे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या 'सदर्न कल्चर ऑन द स्किड्स' या बँडच्या मैफिलीतलं दृश्य. चाहते प्रेमाने आणि सोयीसाठी त्यांना 'स्कॉट्स' म्हणतात. १९९५ मध्ये त्यांचा 'डर्ट ट्रॅक डेट' हा अल्बम आला. तेव्हा विशीत असलेले त्याचे श्रोते आज पन्नाशीत आहेत. तरी त्या अल्बमचं नाव काढलं की त्यांचे पाय आपोआप ठेका धरतात.

आता तुम्ही म्हणाल, चिकन फेकणाऱ्या बँडबद्दल एवढं वाचण्यासारखं काय आहे? आहे हो! कारण या दंग्याच्या आत एक गंभीर प्रश्न दडलाय. ज्या भागाला बाकीचा देश गावंढळ म्हणून हसतो, त्या भागातल्या माणसांनी स्वतःवर हसावं का? आणि हसलेच, तर ते हसू कुणाचं?

नावातच गंमत आहे

'साउथ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चेन्नई, कोची, हैदराबाद येतं. अमेरिकेतला 'साउथ' म्हणजे नॉर्थ आणि साउथ कॅरोलिना, जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी अशी राज्यं. कापूस, तंबाखू, लाल माती, दमट उन्हाळा, चर्च आणि गाणंबजावणं. याच भागात गुलामगिरीचा आणि वर्णभेदाचा फार कडवट इतिहासही आहे.

इंग्रजीत एखादी गोष्ट 'ऑन द स्किड्स' आहे म्हणजे ती उतरणीला लागली आहे. म्हणजे बँडचं नावच मुळी 'घसरणीला लागलेली दक्षिणी संस्कृती'! स्वतःच्या संस्कृतीचे झेंडे मिरवणारे खूप असतात. तिची घसरगुंडी झाली असं हसत सांगून, त्याच घसरगुंडीवर बसून मजा करणारे थोडेच.

बँड सुरू झाला १९८३ मध्ये, चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावात. रिक मिलर तिथे कलेचं शिक्षण घेत होता. सुरुवातीचे साथीदार बदलत गेले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आज ओळखली जाणारी तिघांची जोडणी जमली. गिटार आणि गाण्याला रिक मिलर, बास गिटार आणि गाण्याला मेरी हफ, ड्रमला डेव्ह हार्टमन. मेरीचा डोक्यावर उंच बांधलेला, साठच्या दशकातल्या फॅशनचा केशसंभार म्हणजे बँडची जणू चौथी मेंबरच. डेव्ह बऱ्याचदा अगदी मोजकी वाद्यं घेऊन उभ्यानेच ड्रम वाजवतो. रिकच्या डोक्यावर शेतावरची टोपी आणि चेहऱ्यावर 'मी काहीच केलं नाही' असा भाव.

रिकच्या हातातली गिटारही बघण्यासारखी असते. तो 'डॅनेलेक्ट्रो' कंपनीच्या गिटारी वाजवतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत या गिटारी स्वस्तातला माल म्हणून विकल्या जायच्या. तारांचा आवाज पकडणारा भाग चक्क लिपस्टिकच्या नळीत बसवलेला आणि अंग भुसा दाबून बनवलेल्या फळीचं. महागड्या लाकडाची शान नाही, पण आवाज असा टणत्कारी की लांबूनही ओळखू यावा. स्वस्त वस्तूतून मस्त आवाज काढायचा, हे या बँडचं एका ओळीतलं वर्णन म्हणता येईल.

रॉकाबिली म्हणजे नेमकं काय?

'रॉक' आणि 'हिलबिली' या दोन शब्दांची ही सरमिसळ. हिलबिली म्हणजे डोंगराळ भागातला अडाणी माणूस, असा हिणवणारा शब्द. म्हणजे या संगीतप्रकाराच्या नावातच टोमणा आहे. तो टोमणा ज्यांना मारला गेला, त्यांनीच तो खांद्यावर मिरवला.

जुलै १९५४. मेम्फिस शहरातला 'सन' नावाचा छोटासा स्टुडिओ. एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर, उभ्या बासवर बिल ब्लॅक. ड्रम नाहीच. मग ताल कसा धरायचा? बिल ब्लॅक बासच्या तारा ओढून सोडायचा, आणि त्या लाकडी पट्टीवर आपटून 'टक टक' वाजायच्या. त्याच आवाजाने ड्रमची जागा भरून काढली. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स टेपच्या साहाय्याने आवाजाला क्षणभर मागून येणारा एक छोटा प्रतिध्वनी द्यायचे. मोरीत गाताना आपलाच आवाज आपल्याला छान वाटतो ना, तशीच काहीशी जादू.

त्या पहिल्या रेकॉर्डची गोष्ट मला फार बोलकी वाटते. एका बाजूला होतं 'दॅट्स ऑल राइट', आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं गाणं. दुसऱ्या बाजूला 'ब्लू मून ऑफ केंटकी', बिल मन्रो या गोऱ्या ब्लूग्रास गायकाचं. ज्या काळात काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका शाळेत बसता येत नव्हतं, त्या काळात त्यांची गाणी एकाच तबकडीच्या दोन बाजूंना चिकटून फिरली. पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. एल्विस जगप्रसिद्ध झाला आणि क्रुडप यांना स्वतःच्या गाण्यांचे हक्काचे पैसे शेवटपर्यंत नीट मिळाले नाहीत. १९७४ मध्ये ते गेले.

हा सगळा वारसा, त्यातल्या मजेसकट आणि त्यातल्या अन्यायासकट, स्कॉट्सच्या वाट्याला आला आहे. त्यांनी त्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या 'सर्फ' गिटारचे थरथरते सूर, सोल संगीताचा ठुमका, कंट्री गाण्यांचा हेल आणि जुन्या भुताखेतांच्या सिनेमांचा फील मिसळला. हे शुद्ध रॉकाबिली नव्हे, म्हणून काही जाणकार नाकं मुरडतील. पण मिसळ शुद्ध कधी असते?

सगळे उदास असताना

१९९१ मध्ये 'निर्वाणा' या बँडचा 'नेव्हरमाइंड' अल्बम 'डीजीसी' या कंपनीने काढला आणि अमेरिकन संगीताचा मूडच बदलला. ढगळ कपडे, विस्कटलेले केस, आतल्या आत धुमसणारं दुःख. एप्रिल १९९४ मध्ये निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याने वयाच्या २७ व्या वर्षी आयुष्य संपवलं आणि एका पिढीच्या मनावर काळोखी पसरली.

दरम्यान मोठ्या कंपन्या छोट्या विद्यापीठी गावांमध्ये नवे बँड शोधत फिरत होत्या. चॅपल हिलकडे 'पुढचं सिएटल' म्हणून बघितलं जात होतं. 'सुपरचंक'सारखे बँड तिथलेच. शेजारच्या कारबरो गावातला 'कॅट्स क्रेडल' हा क्लब या सगळ्यांचा अड्डा. अशा वेळी, ज्या डीजीसीने 'नेव्हरमाइंड' काढला होता, त्याच कंपनीने १९९५ मध्ये काढला 'डर्ट ट्रॅक डेट'. आणि यात काय होतं? चिकन, पेट्रोल, जुनी गाडी, काजवे आणि नाच!

त्या काळच्या श्रोत्यांनी हा अल्बम का उचलून धरला असेल, हे त्यामुळे समजायला कठीण नाही. दुःख खरं असतं, पण सतत दुःखातच राहायला हवं असा काही नियम नाही. कुणीतरी येऊन खिडकी उघडावी आणि बाहेरून तळणीचा वास यावा, तसं झालं असणार.

अल्बममध्ये आहे तरी काय?

आधी नावाबद्दल. 'डर्ट ट्रॅक' म्हणजे मातीचा गोलाकार ट्रॅक, ज्यावर मोटारींच्या शर्यती होतात. 'डर्ट ट्रॅक डेट' म्हणजे आपल्या आवडत्या माणसाला घेऊन अशा शर्यतीला जाणं. कॅंडललाइट डिनर नाही, गुलाब नाही. इंजिनांचा कानठळ्या बसवणारा आवाज, उडणारी लाल धूळ आणि हातात थंडगार पेय. ज्याच्या खिशात जास्त पैसे नाहीत, त्याचीही डेट असते, आणि तीही तितकीच रोमँटिक असते, हे या नावानेच सांगून टाकलंय.

नॉर्थ कॅरोलिनात या शर्यतींना खास इतिहास आहे. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही डोंगरात हातभट्टीची दारू गाळली जायची. ती शहरात पोहोचवणारे ड्रायव्हर आपल्या गाड्यांची इंजिनं अशी सुधारून घ्यायचे की पोलिसांना धूळ चारता यावी. मग हेच ड्रायव्हर मोकळ्या वेळात एकमेकांशी शर्यती लावायचे. याच राज्यातला ज्युनियर जॉन्सन हा हातभट्टीच्या धंद्यातून शर्यतीत आलेला सर्वात गाजलेला ड्रायव्हर. १९४८ मध्ये 'नॅस्कार' ही संघटना स्थापन झाली आणि १९४९ मध्ये तिच्या मुख्य मालिकेची पहिली शर्यत झाली ती नॉर्थ कॅरोलिनातल्याच शार्लटमध्ये, मातीच्या ट्रॅकवर. चॅपल हिलपासून थोड्याच अंतरावरच्या हिल्सबरो गावातही असाच एक ट्रॅक होता, 'ऑकोनीची'. १९६८ मध्ये तिथली शेवटची मोठी शर्यत झाली. आज तिथे झाडी वाढली आहे आणि लोक सकाळी चालायला जातात.

आता गाण्यांकडे येऊ. अल्बममधलं सर्वात गाजलेलं गाणं 'कॅमल वॉक'. कॅमल वॉक हा जुना नाच आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलेला. पुढे जेम्स ब्राउननेही तो स्टेजवर गाजवला. स्कॉट्सच्या गाण्यात एक माणूस आपल्या आवडत्या बाईला नाचायची गळ घालतो, पण ती गळ अशी विचित्र, अशी अघळपघळ की हसावं की लाजावं कळू नये. रिक मिलर गात कमी आणि लाडीगोडी लावत बोलत जास्त. मागे गिटार मुंगी चालावी तशी हळूहळू सरकते. गाण्यात 'लिटल डेबी' या ब्रँडच्या केकचा उल्लेखही येतो. हा ब्रँड टेनेसीतला, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा, शाळेच्या डब्यातला स्वस्त खाऊ. प्रेमगीतात चंद्र-तारे येतात हे आपल्याला माहीत होतं. पाकीटबंद केकही येऊ शकतो, हे इथे कळतं.

'वूडू कॅडिलॅक' ऐकताना दलदलीतून जुनी, लांबलचक गाडी रात्री संथपणे चालली आहे असं वाटतं. 'फ्राइड चिकन अँड गॅसोलिन' हे हायवेवरच्या आयुष्याचं गाणं. गाडीला पेट्रोल, पोटाला चिकन, दोन्ही एकाच पंपावर. गावोगाव व्हॅनने फिरणाऱ्या बँडला यापेक्षा जवळचा विषय कुठला असणार? आणि 'एट पीस बॉक्स', म्हणजे आठ तुकड्यांचा डबा. एका कोंबडीचे आठ तुकडे: दोन ब्रेस्ट, दोन थाय, दोन लेग, दोन विंग. हेच ते गाणं, ज्याच्या वेळी मैफिलीत चिकन उडतं.

चिकनच का?

मला माहीत आहे, हे वाचून अनेकांच्या कपाळावर आठी पडली असेल. अन्न टाकू नये, पानात काही उरवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आणि हे लोक सरळ फेकतात! ही आठी मलाही पडली होती आणि ती पूर्ण गेली आहे असं मी म्हणणार नाही. पण तळलेल्या चिकनची त्या भागातली गोष्ट कळली की तो तुकडा नुसता तुकडा राहत नाही.

साउथमध्ये तळलेलं चिकन म्हणजे रविवारचं, पाहुण्यांचं, सणाचं जेवण. ते ज्यांच्या हातांनी घडवलं त्यात कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींचा वाटा फार मोठा आहे. व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्टेशनवर कृष्णवर्णीय बायका थांबलेल्या रेल्वेगाड्यांतल्या प्रवाशांना खिडकीतून तळलेलं चिकन विकायच्या आणि त्यावर आपली घरं चालवायच्या. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशांना रस्त्यावरच्या हॉटेलांत जेवू दिलं जात नसे. मग घरून निघताना बुटांच्या खोक्यात तळलेलं चिकन बांधून घेतलं जाई. प्रवासात टिकणारं आणि कुणाच्या दारात अपमान न सोसता खाता येणारं जेवण. दुसरीकडे, याच चिकनवरून कृष्णवर्णीयांची क्रूर थट्टाही झाली. एकाच पदार्थात चव, कष्ट आणि अपमान, सगळं मुरलेलं आहे.

चॅपल हिलपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर ग्रीन्सबरो शहर आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी तिथल्या वूलवर्थ दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसले. काउंटर फक्त गोऱ्यांसाठी होता. त्यांना वाढलं गेलं नाही, पण ते उठलेही नाहीत. त्या शांत बसण्यातून देशभर आंदोलन पसरलं.

मग त्याच राज्यातल्या एका बँडने बादली उचलावी आणि समोर कोण आहे हे न बघता ज्याच्या हाती पडेल त्याला घास द्यावा, यात एक वेगळाच अर्थ दिसू लागतो. बँडने हे सगळं ठरवून केलं असेल असा माझा दावा नाही. एका बादलीने इतिहास धुतला जात नाही, हेही खरं. पण कोणी कोणाबरोबर खायचं यावर जिथे कायदे होते, तिथे सगळ्यांनी एकाच बादलीतलं खाऊन बोटं चाटणं ही अगदीच क्षुल्लक गोष्ट नाही.

हसायचं कुणाला?

आता मूळ प्रश्नावर येऊ. स्कॉट्सच्या गाण्यांत ट्रेलरमधली घरं आहेत, खटारा गाड्या आहेत, स्वस्त दारू आहे, उग्र मेकअप आहे. अमेरिकेत गरीब गोऱ्या माणसांना 'व्हाइट ट्रॅश' म्हणजे 'गोरा कचरा' म्हणून हिणवतात. विद्यापीठात शिकलेल्या मुलांनी अशा माणसांवर गाणी करायची आणि शहरी लोकांनी टाळ्या पिटायच्या, हा माज नाही का?

हा आक्षेप योग्य आहे. आणि त्याचं उत्तर रिक मिलरच्या घरातच सापडतं. हेंडरसन या गावात त्याच्या वडिलांचा 'मोबाइल होम' बनवण्याचा कारखाना होता. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात तयार होऊन ट्रकमागून ओढत नेलं जाणारं घर. ज्यांना पक्कं घर परवडत नाही, त्यांचं हक्काचं छप्पर. असं एकच युनिट म्हणजे 'सिंगलवाइड', दोन जोडली की 'डबलवाइड'. २००६ मधल्या लाइव्ह अल्बमचं नाव बँडने 'डबलवाइड अँड लाइव्ह' ठेवलं, ते काही उगीच नाही. ज्या घरांवर लोक विनोद करतात, ती घरं बनताना या माणसाने लहानपणी पाहिली आहेत.

इंग्रजी साहित्य शिकताना मला अमेरिकन साउथ भेटला तो फॉकनरच्या कादंबऱ्यांतून आणि फ्लॅनरी ओकॉनरच्या कथांतून. फॉकनरकडे पडक्या वाड्यांतली जुनी पापं. ओकॉनरकडे विक्षिप्त, हट्टी, हास्यास्पद माणसं, जी वाचताना आधी हसू येतं आणि मग घशात अडकतं. दोघेही थोर. पण त्या पुस्तकांतली माणसं शनिवारी संध्याकाळी काय करत असतील, असा प्रश्न पडायचा. आठवडाभर गिरणीत, तंबाखूच्या शेतात राबलेला माणूस आंघोळ करून, केसांना तेल चोपडून कुठे जात असेल? 'डर्ट ट्रॅक डेट' त्याचं उत्तर देतो. तो शर्यतीला जातो, चिकन खातो, नाचतो आणि कुणाच्या तरी प्रेमात पडतो.

गरिबाच्या दुःखावर पानंच्या पानं लिहिली जातात. त्याच्या मौजेची मात्र एक तर दखल घेतली जात नाही किंवा थट्टा होते. या अल्बममधली पात्रं वेडी आहेत, पण बिचारी नाहीत. त्यांना आपली कीव नकोय. त्यांना आपण नाचायला हवे आहोत. थट्टा आणि आपुलकी यांच्यातली रेघ बारीक असते. स्कॉट्स कधीकधी त्या रेघेवर डगमगतातही. तरी माझ्या कानाला ते आपुलकीच्या बाजूला पडतात, कारण विनोदाचं पहिलं लक्ष्य ते स्वतःच असतात.

मुंबईपर्यंत आलेला ठेका

हे सगळं आपल्यापासून फार दूरचं वाटतंय का? तितकंही नाही. मेम्फिसमधून निघालेली रॉक अँड रोलची लाट १९५० च्या दशकातच मुंबईच्या फिल्म स्टुडिओंपर्यंत पोहोचली होती. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातलं 'ईना मीना डीका' आठवा. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांच्याही आवाजात ते गाणं आहे आणि त्या शब्दांना फारसा अर्थ नाही, हीच त्यातली मजा. त्या काळच्या मुंबईच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार वाजवणारे अनेक वादक गोव्याचे होते. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'च्या संगीतात साथ देणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हेही गोव्याचेच.

म्हणजे तुमच्या आजीला 'ईना मीना डीका' आवडत असेल, तर स्कॉट्सचा ठेका तिला अगदीच परका वाटणार नाही. झाड एकच, फांद्या वेगळ्या.

कंपनी सुटली, चाहते नाही सुटले

१९९७ मध्ये त्याच मोठ्या कंपनीकडून बँडचा 'प्लास्टिक सीट स्वेट' हा पुढचा अल्बम आला. उन्हाळ्यात गाडीच्या प्लास्टिकच्या सीटला पाठ चिकटते, तो घाम! त्यानंतर मोठ्या कंपनीची साथ संपली. इथे बहुतेक बँडची गोष्ट संपते. हिट गाणं एक, आठवणी दोन आणि पुढे शांतता.

यांची संपली नाही. २००० मध्ये दुसऱ्या कंपनीकडून अल्बम आला, २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्याच 'येप रॉक' या छोट्या कंपनीकडून 'मोजो बॉक्स' आला. रिकने मेबेन या गावाजवळ स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि त्याला नाव दिलं 'कुडझू रँच'. कुडझू ही जपानहून अमेरिकेत आलेली वेल. १९३० च्या दशकात मातीची धूप थांबावी म्हणून सरकारने ती साउथमध्ये लावायला प्रोत्साहन दिलं आणि मग ती अशी फोफावली की झाडं, खांब, रिकामी घरं सगळं गिळत सुटली. कितीही छाटा, पुन्हा येते. बँडला स्वतःसाठी याहून चपखल नाव सापडलं नसतं.

२०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या 'सदर्न फोकलाइफ कलेक्शन' या लोकसंस्कृतीच्या संग्रहाने या बँडवर प्रदर्शन भरवलं. ज्या गावात कॉलेजची मुलं म्हणून सुरुवात केली, त्याच गावाच्या विद्यापीठाने त्यांना आपल्या संस्कृतीचा ठेवा मानलं. आणि २०२१ मध्ये, महामारीने मैफिली बंद पाडल्या तेव्हा, तिघांनी 'अॅट होम विथ सदर्न कल्चर ऑन द स्किड्स' हा अल्बम काढला. त्याचा बराचसा भाग रिकच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्ड झाला.

चाहत्यांच्या प्रेमाचं गुपित मला इथे दिसतं. मजा करणारी माणसं आळशी असतात, असा आपला एक समज असतो. पण लोकांना चाळीस वर्षं हसवत, नाचवत ठेवणं हे घाम गाळायचं काम आहे. व्हॅन चालवायची, सामान उतरवायचं, वाजवायचं, पुन्हा भरायचं, पुढचं गाव गाठायचं. चाहत्यांना हे कळतं. म्हणून त्यांच्यासाठी 'डर्ट ट्रॅक डेट' हा १९९५ चा एक जुना अल्बम नाही. ते एक निमंत्रण आहे, जे अजून रद्द झालेलं नाही.

तुम्हाला ऐकायचं असेल तर

सुरुवात 'कॅमल वॉक'ने करा. पहिल्यांदा शब्दांकडे लक्षच देऊ नका, फक्त बासवर मान डोलवा. मग 'वूडू कॅडिलॅक', शक्यतो रात्रीच्या प्रवासात. त्यानंतर 'एट पीस बॉक्स' आणि शेवटी अल्बमचं नाव ज्यावरून आलं ते 'डर्ट ट्रॅक डेट'. काही गाण्यांत थोडा चावटपणा आहे, म्हणून लहान मुलं सोबत असतील तर आधी एकदा स्वतः ऐकून घ्या. मग जमलं तर एल्विसच्या १९५४ च्या 'सन' रेकॉर्डिंग्ज ऐका आणि त्याआधी आर्थर क्रुडप यांचं मूळ गाणं जरूर ऐका. ज्याचं त्याला श्रेय देण्याची एक छोटी पद्धत म्हणून.

मोबाइलचा छोटा स्पीकर नको, घरात असेल तो मोठा लावा. स्वयंपाकघरात कढई चढवलेली असेल तर उत्तमच. चिकन असो वा बटाटावडा, तळणीचा चर्र आवाज या ठेक्यात अगदी बरोबर बसतो. फक्त एक करा, वडे फेकू नका. हातात द्या, आणि समोरच्याला नाचायला उठवा.